‘अ’ वर्गाचा समभाग, पण कोणासाठी?

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या पतसंस्थेचा अथवा नागरी बँकेचा वार्षिक अहवाल उघडला की ठेवी, कर्जे आणि नफ्याच्या आकड्यांशेजारी एक ओळ हमखास दिसते : ‘लेखापरीक्षण वर्ग – अ’. संस्थेच्या फलकावर, दिनदर्शिकेवर, चेअरमनांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीतही ती झळकते. ताळेबंद वाचण्याची सवय नसलेल्या ठेवीदाराला हे एक अक्षर पुरेसे वाटते. लेखापरीक्षक अ, ब, क, ड असे वर्ग देतात ते वर्षभराच्या कारभाराची तपासणी करून. त्या अक्षराचा अर्थ ‘मागील वर्षी कारभार नियमात होता’ एवढाच असतो. ठेवीदार मात्र तो ‘पुढील वर्षी पैसे बुडणार नाहीत’ असा लावतो. ‘अ’ वर्ग मिरवणाऱ्या संस्थांनाही पुढे टाळे लागल्याचे सहकार क्षेत्राने पाहिलेले आहे.

हीच सवय आता शेअर बाजारात शिरली आहे. राष्ट्रीय शेअर बाजारातील नोंदणीकृत गुंतवणूकदारांची संख्या ऑगस्ट २०२४ मध्ये दहा कोटींवर गेली आणि त्यात महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर राहिला. नव्याने आलेल्यांपैकी बहुतेकांनी दलालाच्या पेढीची पायरी कधी चढलेली नाही. मोबाइलवरील अॅप हीच त्यांची पेढी. तेथे प्रत्येक समभागासमोर ए, बी, सी, डी, एफ अशी अक्षरे मांडलेली असतात. कधी मूल्यासाठी एक, वाढीसाठी दुसरे, भावाच्या गतीसाठी तिसरे. कधी तिन्हींचे मिळून एकच. वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र पतसंस्थेच्या अहवालातील ‘अ’ असतो.

अक्षरांचे मूळ

अक्षरांत पत मोजण्याची पद्धत शेअरसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेत जॉन मूडी यांनी १९०९ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना अक्षरे देण्यास सुरुवात केली. भारतात ‘क्रिसिल’ १९८७ मध्ये आली, ‘इक्रा’ १९९१ मध्ये आणि ‘केअर’ १९९३ मध्ये. या सर्वांचा मूळ प्रश्न एकच : उसने घेतलेले पैसे ही कंपनी व्याजासह वेळेवर परत करील काय? प्रश्न एक असल्याने उत्तरही एका अक्षरात बसू शकते. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातील गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ पेठांत सोने-चांदी गाळण्याचे काम पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत; त्यांच्या लेखी सोन्याचा कस जसा एका आकड्यात सांगता येतो, तसाच हा प्रकार. (कस लावणाऱ्याचा हात चुकतो तेव्हा काय होते, हे ‘आयएल अँड एफएस’ने दाखवून दिले. २०१८ च्या मध्यापर्यंत ‘एएए’ हा सर्वोच्च दर्जा असलेली ही कंपनी काही आठवड्यांतच, सप्टेंबर २०१८ मध्ये, ‘डी’ म्हणजे थकबाकीदार ठरली.)

समभागाचे तसे नाही. समभाग घेणाऱ्याला परतफेडीचे वचन कोणीच दिलेले नसते. त्याला काय मिळणार, हे तो किती दिवसांसाठी आला आहे यावर ठरते. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार बैल पाहायला आलेल्या गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न असतो, शर्यतीला हवा की शेतीला? शर्यतीत धावणारा खोंड नांगराला जुंपायचा नसतो. दोघांची किंमत वेगळी, पारखण्याच्या खुणा वेगळ्या. बाजारातील अक्षरे वाचताना हा पहिला प्रश्नच गळून पडतो.

परदेशातील ज्या संस्थांनी ही पद्धत रूढ केली त्यांना हा भेद ठाऊक होता. ‘झॅक्स’ ही संशोधन संस्था मूल्य, वाढ आणि भावगती अशा तीन शैलींसाठी ए ते एफ अशी स्वतंत्र अक्षरे देते. विल्यम ओ’नील यांच्या ‘इन्व्हेस्टर्स बिझनेस डेली’ने समभागात खरेदीचा जोर आहे की विक्रीचा, हे सांगण्यासाठी ए ते ई अशी अक्षरे वापरली आणि ती मागील तेरा आठवड्यांच्या भाव व उलाढालीवरून काढली. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. ज्याला मुलीच्या लग्नासाठी दहा वर्षे पैसे गुंतवायचे आहेत, त्याच्यासाठी हे अक्षर काढलेलेच नाही. याकडची अॅप ही पद्धत उचलताना अक्षरे घेतात. त्यामागचा कालावधी बारीक टाइपात जातो किंवा जातच नाही.

एकाच भाववाढीचे दोन निकाल

या अक्षरांचे गणित फारसे गूढ नाही. मूल्याचे अक्षर काढताना समभागाचा भाव हा कंपनीच्या प्रतिसमभाग मिळकतीच्या, पुस्तकी मूल्याच्या किंवा लाभांशाच्या तुलनेत किती आहे हे पाहतात. वाढीच्या अक्षरासाठी विक्री आणि नफा किती टक्क्यांनी वाढला ते पाहतात. भावगतीसाठी मागील तीन, सहा किंवा बारा महिन्यांत भाव किती हलला ते. मग सर्व कंपन्यांची क्रमवारी लावून वरच्या गटाला ए, खालच्या गटाला एफ.

आता एखाद्या समभागाचा भाव १०० रुपये आणि प्रतिसमभाग मिळकत १० रुपये आहे असे धरू. भाव मिळकतीच्या दहापट आहे, म्हणजे मूल्याच्या दृष्टीने स्वस्त. सहा महिन्यांत भाव १८० झाला, मिळकत दहाच राहिली. भावगतीच्या तक्त्यात हा समभाग ८० टक्के वाढीमुळे थेट ‘ए’ गटात जाऊन बसेल. मूल्याच्या तक्त्यात तो मिळकतीच्या अठरापट महाग झाल्याने ‘ए’वरून ‘सी’ किंवा ‘डी’पर्यंत घसरेल. कंपनीत काहीच बदललेले नाही. बदलला तो केवळ भाव, आणि त्याने एक अक्षर सुधारले, दुसरे बिघडवले. दोन्ही अक्षरे आपापल्या जागी खरी आहेत. खोटे ठरते ते त्यांची सरासरी काढून दिलेले ‘बी’. ते मूल्य पाहणाऱ्याला समभाग महागल्याचे सांगत नाही आणि गती पाहणाऱ्याला तो धावतो आहे हेही सांगत नाही. तरीही एकत्रित अक्षरच सर्वांत ठळक, हिरव्या रंगात छापलेले असते.

क्रमवारीचा दुसरा दोष दहावी-बारावीच्या निकालाशी परिचित असलेल्या कोणालाही कळेल. ५९.९ टक्क्यांचा दुसरा वर्ग आणि ६० टक्क्यांचा पहिला वर्ग यांत जेवढे अंतर, तेवढेच ‘ए’च्या शेवटच्या आणि ‘बी’च्या पहिल्या समभागात. त्यातही परीक्षेत निदान किमान गुणांची अट असते. येथे वर्गातील सर्वच नापास झाले तरी त्यातल्या त्यात बरे असलेले ‘ए’ गटातच राहतात. बाजार पडत असताना भावगतीचा ‘ए’ मिळालेला समभाग कदाचित इतरांपेक्षा कमी पडलेला, एवढाच असतो.

वाढीच्या अक्षरात हंगामाचा घोटाळा होतो. साखर कारखान्याचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. शासकीय कामे करणाऱ्या अभियांत्रिकी कंपन्यांची बिले वर्षअखेरच्या तिमाहीत दाटतात. सांगली जिल्ह्यात १९१० पासून किर्लोस्करवाडी उभी आहे. तेथील पंपांच्या धंद्याची तिमाही पावसाशी, पाटबंधाऱ्यांच्या कामांशी आणि मार्चअखेरीशी कशी बांधलेली असते, हे त्या भागातील पुरवठादारांना सांगावे लागत नाही. आधीच्या तिमाहीशी तुलना करणारे सूत्र अशा कंपनीला एकदा ‘ए’ आणि तीन महिन्यांनी ‘डी’ देऊ शकते. मागील वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करणारे सूत्र असे गोंधळत नाही. आपल्या अॅपचे सूत्र यांपैकी कोणते, हे वापरणाऱ्यांपैकी किती जण पाहतात?

साताऱ्याच्या कंपनीचे कोडे

साताऱ्याने या पद्धतीची मर्यादा दाखवणारा एक नमुनाच बाजाराला दिला आहे. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून उभी राहिली. महामंडळाचा वाटा २७ टक्के, बजाजचा २४ टक्के, उरलेला जनतेचा. साताऱ्याच्या कारखान्यातून निघालेली ‘प्रिया’ स्कूटर एका पिढीच्या आठवणीत आहे. पुढे जमाना मोटारसायकलींकडे वळला, स्कूटरचे उत्पादन थांबले. मात्र दरम्यानच्या काळात कंपनीकडे बजाज समूहातील कंपन्यांचे समभाग जमा झाले होते आणि त्यांचे मूल्य वाढत गेले. नावात स्कूटर असलेली ही कंपनी प्रत्यक्षात गुंतवणूक कंपनी झाली. तिचे उत्पन्न म्हणजे प्रामुख्याने लाभांश आणि व्याज.

अशा समभागाला अक्षर कोणते द्यावे? विक्रीतील वाढ मोजणाऱ्या सूत्राला येथे मोजण्याजोगी विक्रीच सापडत नाही, तेव्हा वाढीचे अक्षर तळाचे. मिळकतीच्या पटीत भाव पाहिला तर समभाग महाग दिसतो, कारण हाती येणारा लाभांश हा गुंतवणुकीच्या बाजारमूल्याच्या तुलनेत थोडा असतो. पण त्याच गुंतवणुकीचे बाजारमूल्य समभागांच्या संख्येने भागले तर भाव त्यापेक्षा कितीतरी खाली, म्हणजे समभाग स्वस्त. धारक कंपन्यांचे समभाग बाजारात नेहमीच अशा सवलतीने मिळतात आणि ती सवलत वर्षानुवर्षे मिटत नाही, हाही अनुभव आहे. दिवसभरात घेऊन विकणाऱ्याच्या दृष्टीने तर अशा कंपन्यांची उलाढाल मोठ्या समभागांपुढे तुटपुंजी. मूल्याचे दोन मापदंड परस्परविरोधी, वाढीचे अक्षर निरर्थक, दैनंदिन व्यवहारासाठी नापसंत; आणि ज्याने हा समभाग घेऊन कपाटात ठेवला आणि विसरला, त्याला मात्र भरघोस परतावा.

मूल्य ठरवण्याचा हा पेच कागदावरचा नाही. महामंडळाने आपला २७ टक्के हिस्सा बजाजला विकायचे ठरवल्यावर भावावरून वाद झाला. लवादाने जानेवारी २००६ मध्ये प्रतिसमभाग १५१ रुपये ६३ पैसे हा भाव ठरवला. त्यावर न्यायालयीन लढाई झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजाजच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा बाजारात हा समभाग हजारांच्या घरात होता. निवृत्त न्यायमूर्ती, सनदी लेखापाल आणि वकील यांनी वर्षानुवर्षे खल करूनही ज्याच्या मूल्यावर एकमत झाले नाही, त्या समभागाचे मूल्य अॅपवर एका अक्षरात उमटलेले असते.

दोन बँका

याच भागातील दोन बँकांचे उदाहरणही बोलके आहे. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ मध्ये साताऱ्यात स्थापन केलेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २००६ रोजी निर्बंध आणले. ठेवीदाराला दहा हजार रुपयांपलीकडे रक्कम काढता येईना. महिन्याभरातच, ३ ऑक्टोबर रोजी, बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांच्या ठेवी शाबूत राहिल्या. समभागधारकांना प्रतिसमभाग २८ रुपये रोख मिळाले. ज्या घरांत हे समभाग दोन पिढ्या सांभाळले गेले होते त्यांच्यासाठी तो व्यवहार सक्तीचा निरोप होता. भाव कोसळल्यावर दोन दिवसांसाठी खरेदी केलेल्यासाठी तो निव्वळ सौदा होता. ठेवीदाराने विचारायचा प्रश्न परतफेडीचा, जुन्या भागधारकाचा भांडवलाचा, सट्टेवाल्याचा विलीनीकरणाच्या दराचा. एकाच बँकेला या तिघांसाठी तीन वेगळी अक्षरे द्यावी लागली असती, आणि तिघांनी परस्परांची अक्षरे वाचली असती तर तिघेही फसले असते.

१९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. तिच्या ९२५ समभागांमागे आयसीआयसीआयचे १०० समभाग असा दर ठरला. सांगली बँकेचे समभाग शेअर बाजारात नोंदलेलेच नव्हते. त्यामुळे भावगती नाही, उलाढाल नाही, अक्षरही नाही. तिच्या भागधारकाच्या हाती होता तो केवळ ताळेबंद.

बाजाराचीच अक्षरे

अॅपवरील अक्षरांच्या गर्दीत मुंबई शेअर बाजाराची स्वतःची अक्षरे मागे पडतात, ही खरी खेदाची बाब आहे. बाजाराने समभागांचे ए, बी, टी, झेड असे गट केलेले आहेत. ‘ए’ गट म्हणजे मोठे बाजारमूल्य आणि मोठी उलाढाल असलेल्या कंपन्या. त्याला गुणवत्तेचे प्रमाणपत्र समजण्याची चूक आजही होते. सत्यम कॉम्प्युटर ही ‘ए’ गटातील, सेन्सेक्समध्ये समाविष्ट असलेली कंपनी होती. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र बाहेर आले आणि एका दिवसात समभागाने तीन चतुर्थांशांहून अधिक किंमत गमावली.

याउलट ‘टी’ हे अक्षर फारसे कोणी वाचत नाही, आणि तेच व्यवहाराच्या शैलीशी थेट संबंधित आहे. या गटातील समभाग सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही. प्रत्येक खरेदीची रक्कम भरून समभाग ताब्यात घ्यावेच लागतात. जानेवारी २०२३ अखेर संपूर्ण बाजारात दुसऱ्या दिवशी व्यवहारपूर्ती लागू झाल्याने ही अडचण एका दिवसाची झाली असली तरी दिवसाच्या आत सुटू पाहणाऱ्याची वाट बंदच असते. दहा वर्षांसाठी घेणाऱ्याला या निर्बंधाने थेट काही फरक पडत नाही. मात्र सट्टेबाजीला आळा घालण्यासाठी बाजार एखाद्या समभागाला येथे का हलवतो, हे त्यानेही पाहिलेले बरे. ‘झेड’ गट हा नोंदणीच्या अटी न पाळणाऱ्या कंपन्यांसाठी १९९९ मध्ये सुरू झाला. त्याचा इशारा सर्व शैलींना सारखाच लागू आहे. राष्ट्रीय शेअर बाजारात याच कामासाठी ‘बीई’ आणि ‘बीझेड’ या श्रेणी आहेत. ही अक्षरे विकत घ्यावी लागत नाहीत, त्यांत कोणाचे दलालीचे हितसंबंध नाहीत आणि त्यांचे निकष जाहीर आहेत.

हितसंबंधांचा मुद्दा लहान नाही. अक्षर बदलले की व्यवहार होतो आणि व्यवहार झाला की दलाली मिळते. भावगतीचे अक्षर दर आठवड्याला बदलते. त्यानुसार समभाग बदलणाऱ्याला खरेदी आणि विक्री अशा दोन्ही वेळी ०.१ टक्का रोखे व्यवहार कर पडतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या आत विकलेल्या समभागांवरील नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षापेक्षा अधिक काळ ठेवल्यास सव्वा लाख रुपयांवरील नफ्यावर साडेबारा टक्के. कोणत्याही अक्षरात हा फरक धरलेला नसतो. समजा, दोघांनी एकाच समभागात सारखाच नफा मिळवला. अक्षर पाहून आठ महिन्यांत बाहेर पडलेल्याच्या हाती वर्षभर थांबलेल्यापेक्षा कमी रक्कम उरते.

‘सेबी’ने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात डोळे उघडणारा आहे. रोख बाजारात २०२२-२३ मध्ये दिवसाच्या आत व्यवहार करणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. वर्षात पाचशेहून अधिक व्यवहार करणाऱ्यांत तोट्याचे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. अशा व्यवहारांत तीस वर्षांखालील तरुणांचा वाटा चार वर्षांत १८ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर पोहोचला. तोट्यात गेलेल्यांनी तोट्याच्या ५७ टक्के एवढी रक्कम आणखी वेगळी, व्यवहारखर्चापोटी दिली. या आकड्यांत सातारा-सांगलीचा वाटा वेगळा काढलेला नाही. पण ऊसबिलाचे किंवा जमिनीच्या मोबदल्याचे पैसे, पूर्वी जे पतसंस्थेत ‘अ’ वर्ग पाहून ठेवले जात, ते आता घरातील पंचविशीतल्या मुलाच्या डीमॅट खात्यात जात आहेत, हे या भागातील बँकांच्या शाखांत बसणाऱ्यांना दिसतेच आहे. शेअर बाजाराच्या नावाखाली ठेवी गोळा करून पसार होणाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्राला गेल्या काही वर्षांत जो धडा दिला, त्याने पारखण्याची गरज पटली. पारखण्याचे साधन म्हणून हाती आले ते पुन्हा अक्षरच.

अक्षरे टाकून द्यावीत असा याचा अर्थ नाही. हजारो नोंदणीकृत कंपन्यांतून पन्नास निवडून काढण्यासाठी ती उपयोगी आहेत. ज्याला शेतीचा बैल हवा त्याने मूल्याचे आणि वाढीचे अक्षर पाहावे, त्यामागील पाच-सहा वर्षांचे आकडे उघडावेत आणि भावगतीच्या अक्षराकडे पाहूच नये. काही आठवड्यांसाठी येणाऱ्याने भावगती पाहावी, पण बाहेर पडण्याचा भाव आधी लिहून ठेवावा; कारण अक्षर उतरते ते भाव पडल्यानंतर. एका दिवसाच्या खेळाडूला यांतील एकही अक्षर लागू नाही. त्याला हवी ती उलाढाल आणि खरेदी-विक्रीच्या भावातील अंतर.

अक्षरे देणाऱ्यांकडूनही काही मागता येते. भारतात समभागांविषयी संशोधन देणाऱ्यांना ‘सेबी’च्या २०१४ च्या नियमांखाली नोंदणी करावी लागते आणि आपल्या शिफारशींच्या नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. आज ‘ए’ असलेला समभाग वर्षापूर्वी कोणत्या अक्षराचा होता आणि वर्षापूर्वी ‘ए’ असलेल्यांचे पुढे काय झाले, हे सांगणे त्यामुळे कोणत्याही नोंदणीकृत संस्थेला अशक्य नाही. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत सभासद उठून मागील वर्षीच्या दोषदुरुस्ती अहवालाची प्रत मागू शकतो. अॅपच्या पडद्यावर मात्र आजचे अक्षर दिसते, कालचे पुसलेले असते.